पुरचुंडीतलं बी आणि तळ्याकाठची चवळी



मागच्या आठवड्यात आपण शाळेमागच्या खड्ड्यातली गांडुळं मोजत होतो. आज जरा लांब जायचं आहे, थेट इटलीत! नकाशा काढा बरं. इटली दिसते उंच बुटासारखी. त्या बुटाच्या मधोमध उंब्रिया नावाचा प्रदेश आहे. त्याला समुद्र कुठूनच शिवत नाही. पण तिथं त्रासिमेनो नावाचं एक मोठं तळं आहे. पसारा भरपूर, खोली मात्र जेमतेम सहा मीटर. या तळ्याजवळच्या एका खेड्यात माझी धाकटी मावसबहीण २०२२ साली राहायला गेली. तिच्या यजमानांची नोकरी पेरुजा शहरात, आणि घर मिळालं खेड्यात. घरामागं आपल्या वर्गाएवढी मोकळी जागा, तिच्यात गुडघाभर गवत.

"ताई, मी इथं भाजी लावणार!" तिनं मला फोनवर सांगितलं. मला हसूच आलं. ही बँकेत आकडेमोड करणारी मुलगी, खुरपं कधी हातात धरलेलं नाही. पण परक्या मुलुखात दिवसभर एकटी काय करणार? म्हटलं, लाव बाई.

खरं तर ती निघाली तेव्हाच आमच्या आजीनं तिच्या हातात एक पुरचुंडी ठेवली होती. चवळी, भेंडी, दुधी आणि मेथी. आजीच्या घरचं बी, वर्षानुवर्षं राखेत घोळून ठेवलेलं. बहिणीनं ती पुरचुंडी परत आजीच्याच मांडीवर ठेवली.

"अगं आजी, नेता येत नाही हे."

"सोनं नेता येतं, अन् चार दाणे नाही?" आजी रागावली. दोन दिवस धड बोलली नाही.

पण नियमच तसा आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून बी किंवा रोप नेताना त्याबरोबर ते निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. पिशवीत चार दाणे असले तरीही. नियम जाचक वाटतो ना? मलाही वाटला होता. मग त्याचं कारण समजलं. इटलीच्या बुटाच्या टाचेत जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, शेकडो वर्षांची झाडं आहेत. २०१३ साली तिथं झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तो झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांतच वाढतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. लाखो झाडं गेली. बाहेरून आणलेल्या एखाद्या शोभेच्या रोपाबरोबर तो आला असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. हे सांगितल्यावर आजी थोडी निवळली. पुरचुंडी पुन्हा डब्यात गेली.

आता तिकडं बी मिळवायचं कुठून? खेड्यात एक बेकरी, एक कॉफीचं दुकान आणि एक हार्डवेअरचं दुकान. गंमत म्हणजे बी मिळालं ते हार्डवेअरच्या दुकानात! खिळे, नळ आणि कुलपं यांच्या शेजारी बियांच्या पाकिटांचा उभा फिरता स्टँड होता. पाकिटाच्या पुढच्या बाजूला लालभडक टोमॅटोचं चित्र. चित्रावर भुलू नका, पाकीट उलटं करा. मागं बारा महिन्यांचा तक्ता असतो, कुठल्या महिन्यात पेरायचं आणि कुठल्या महिन्यात काढायचं, शिवाय बी कोणत्या तारखेपर्यंत चांगलं. ही पाकिटं तिथं काही नवीन नाहीत. उत्तर इटलीतल्या बेर्गामो शहराजवळची फ्रांकी ही बियाण्यांची पेढी १७८३ सालापासूनची आहे. तेव्हा आपल्याकडं पेशवाई होती!

मोठी खरेदी मात्र 'कोन्सॉर्त्सिओ आग्रारिओ'त होते. नाव ऐकून घाबरू नका. आपल्या तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांचा खरेदी-विक्री संघ असतो ना, तसलंच ते. खत, अवजारं, बटाट्याचं बेणं, लावायचे छोटे कांदे, कोंबड्यांचं खाद्य, सगळं एका छपराखाली. तिथं बहिणीनं मेथी मागितली. कुणाला कळेना. तिनं मोबाईलवर चित्र दाखवलं तेव्हा काउंटरवरच्या बाई एकदम म्हणाल्या, "फिएनो ग्रेको!" म्हणजे ग्रीक गवत. आणि त्यांनी तिला नेलं कुठं, तर जनावरांच्या खुराकाच्या कोपऱ्यात! मेथीचं शास्त्रीय नावसुद्धा हेच सांगतं, लॅटिनमध्ये 'फीनम ग्रीकम' म्हणजे ग्रीक गवतच. हे ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे मी जन्मभर तुम्हाला वैरणच खाऊ घातली की काय?"

पण खुराकातले दाणे उगवतील याची खात्री काय? बहिणीला मी शाळेतला प्रयोग सांगितला. दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे, फडकं वाळू द्यायचं नाही आणि चार-पाच दिवसांनी उघडायचं. तिचे सात उगवले. म्हणजे शंभरातले सत्तर. पेरायला हरकत नाही, फक्त जरा दाट पेरायचं. धणे तर तिनं स्वयंपाकघरातलेच पेरले, चपलेखाली हलके रगडून. (इटलीत जत्रेत उडवायच्या रंगीत कागदी टिकल्यांना 'कोरिआंदोली' म्हणतात, म्हणजे धणेच. पूर्वी तिथं साखरेत घोळलेले धणे उडवायचे, त्यावरून ते नाव राहिलं.)

टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची मात्र रोपंच आणायची असं तिनं ठरवलं. तळ्याकाठच्या गावात आठवडी बाजार भरतो. तिथं रोपवाटिकेवाले गाडी घेऊन येतात. थर्माकोलच्या ट्रेमध्ये मातीच्या छोट्या गड्ड्यांत रोपं, हवी तेवढी मोजून घ्यायची. दुकानदार ती वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. २०२३ चा एप्रिल होता, ऊन छान पडलं होतं. हिनं चोवीस रोपं घेतली. दुकानदार काहीतरी सांगत होता, पण हिला इटालियन बेताचीच. हसून मान डोलावली आणि घरी येऊन रोपं लावून टाकली.

तिसऱ्या रात्री आभाळ निरभ्र होतं. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब वर निघून जाते. पहाटे दंव गोठलं आणि सकाळी चोवीसच्या चोवीस रोपं काळी पडून आडवी! फोनवर बिचारी रडायलाच लागली. रोपांच्या पैशांसाठी नाही रडली ती. म्हणाली, "ताई, मला इथलं काही म्हणजे काही कळत नाही गं."

तेवढ्यात कुंपणापाशी शेजारच्या आजी आल्या. ऐंशीच्या पुढचं वय, डोक्याला रुमाल, पायात गमबूट. त्यांनी जीभ टाळूला लावून 'च् च्' केलं, घरात गेल्या आणि एक पंचांग घेऊन आल्या. हो, पंचांगच! त्याचं नाव 'बारबानेरा'. ते त्याच उंब्रियातल्या फोलिन्यो गावचं, १७६२ पासून निघतं. २०१५ साली युनेस्कोनं त्याच्या जुन्या अंकांचा संग्रह जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवला. आजींनी मे महिन्याच्या मधल्या तारखांवर बोट ठेवलं. हे 'बर्फाचे संत'. त्या दिवसांत ज्या संतांचे सण येतात, त्यांच्यानंतर थंडी परतत नाही, असा तिथल्या शेतकऱ्यांचा हिशेब आहे. तोवर टोमॅटो उघड्यावर लावायचे नाहीत. चंद्र वाढता की उतरता हे पाहूनही तिथले लोक पेरतात. त्या चंद्राचं मला काही पटत नाही, चांगला पुरावा मिळेपर्यंत पटणारही नाही. पण थंडीचा हिशेब मात्र पक्का अनुभवाचा आहे.

मे महिन्यात त्या आजी स्वतः बहिणीबरोबर बाजारात आल्या. बहिणीनं लगेच सगळ्यांत उंच, फूल आलेलं टोमॅटोचं रोप उचललं. आजींनी ते काढून परत ठेवलं. बुटकं, जाड दांड्याचं, बिनफुलाचं रोप घ्यायचं. गड्डा हळूच उपसून बघायचा, मुळं पांढरी हवीत. उंच रोप उन्हासाठी धडपडून लांबलेलं असतं, लावल्यावर माना टाकतं. त्या वर्षी टोमॅटो इतके आले की वाटून संपेनात!

मग हिनं हौसेनं त्याच टोमॅटोंचं बी धरलं. गर पेल्यात काढून दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग धुऊन बशीत वाळवायचं. सगळं नीट केलं. पण पुढच्या वर्षी एक झाड लांबट टोमॅटोचं, एक गोल, एक आंबटढाण! का बरं? तिच्या रोपांच्या चिठ्ठीवर 'एफ वन' लिहिलेलं होतं. म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध जातींच्या संकराची पहिली पिढी. पहिल्या पिढीत सगळी भावंडं सारखी दिसतात. त्यांच्या पोटी मात्र आजी-आजोबांचे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात. ज्याचं बी धरायचं ते वाण संकरित नको.

आणि असंच एक बी त्या शेजारच्या आजींकडं होतं. काळी पडलेली रोपं पाहिली त्याच महिन्यात त्यांनी फडताळातून एक बरणी काढली. आत भाताच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे दाणे, पांढरट, काही तांबूस, काही काळे. वर लॉरेलची सुकी पानं, किडीसाठी. (आमची आजी कडुनिंबाचा पाला घालते.) 'फाजोलिना देल त्रासिमेनो.' त्यांनी एक मूठ हिच्या ओंजळीत ओतली, आणि दोन बोटं दाखवली. एक मूठ घे, दोन मुठी परत कर.

ऑगस्टपासून शेंगा वाळू लागल्या. सगळ्या एकदम वाळत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा जाऊन हातानं खुडाव्या लागतात. याच कटकटीमुळं १९५० नंतर हे पीक जवळजवळ नाहीसं झालं होतं. काही शेतकऱ्यांनी ते पुन्हा धरलं, 'स्लो फूड' संस्थेनंही त्याला हात दिला. बहिणीनं त्यातली एक वाटी शिजवली, लसणाची फोडणी दिली, आणि पहिल्या घासालाच मला फोन केला. "ताई, ही चवळी आहे!"

मुलांनो, ती खरोखरच चवळी आहे. शास्त्रीय नावही एकच, विग्ना अंग्विक्युलाटा. मूळ आफ्रिकेतलं. तिथून एक वाट आपल्याकडं आली, एक भूमध्य समुद्राकडं गेली. राजमा आणि घेवडा अमेरिकेतून युरोपात पोहोचले ते कोलंबसानंतर. त्याआधी इटलीतले लोक हेच कडधान्य खात होते.

त्या हिवाळ्यात शेजारच्या आजी पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि लेकीनं त्यांना पेरुजाला नेलं. २०२४ च्या वसंतात त्यांचा वाफा पडीक राहिला. त्यांच्या घरचं बी उरलं होतं ते फक्त माझ्या बहिणीच्या बरणीत. शिजवून संपवलं असतं तर? तिनं दोन मुठी निवडल्या आणि बसनं पेरुजाला गेली. आजींनी चष्मा लावून दाणे ताटात पसरले. एक खडा निघाला, त्यावरून तिला चांगलं फैलावर घेतलं. मग लेकीच्या गॅलरीतल्या दोन कुंड्या दाखवल्या, माती आधीच भरून ठेवलेली.

फोटो आला तेव्हा मी आमच्या आजीला दाखवला. तिनं डब्यातली पुरचुंडी सोडून आपले दाणे फोटोशेजारी धरले, बराच वेळ पाहिलं.

"आपलीच आहे," आजी म्हणाली. "फक्त थंडीनं वाढ खुंटलीय."

आता तुमचं काम. आईला विचारून डब्यातली दहा चवळी घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि पाचव्या दिवशी उघडा. किती उगवली ते मला पत्रानं कळवा. आणि हो, ती चवळी कुठून आणली होती, वाण्याकडून की गावच्या घरून, तेही लिहा बरं का.

तुमच्या बाई