जहाजावरची पहिली पंगत

क्रूझचं बुकिंग करायचं म्हटलं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर खल चालतो. बाल्कनी हवी की खिडकी पुरे, आजी-आजोबांची खोली लिफ्टजवळ मिळेल का, बंदरावर उतरून काय पाहायचं. मग अर्जाच्या शेवटाकडे एक छोटा प्रश्न येतो : रात्रीचं जेवण लवकरचं की उशिराचं? लवकरचं म्हणजे साधारण पावणेसहा-सहा, उशिराचं म्हणजे सव्वाआठ-साडेआठ. यावर मात्र कुणी खल करत नाही. सहा ही चहाची वेळ आणि जेवण साडेआठ-नऊला, हे मराठी घरात ठरलेलंच असतं. उशिराच्या चौकटीत खूण होते आणि विषय संपतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील, तर ही खूण बहुतेक वेळा चुकीच्या चौकटीत पडलेली असते.

मुळात दोन वेळा कशासाठी? मोठ्या जहाजाचं मुख्य जेवणघर कितीही प्रशस्त असलं तरी सगळे प्रवासी त्यात एका वेळी मावत नाहीत. २०२४ साली प्रवाशांना घेऊन निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर एका खोलीत दोघं धरली तरी ५,६१० माणसं होतात. म्हणून पंगती. पहिली उठते, वेटर टेबलं आवरतात, प्लेटा-ग्लास नव्यानं मांडतात, दुसरी बसते. ठरावीक वेळ घेतलेल्या कुटुंबाला सफर संपेपर्यंत एरवी तेच टेबल मिळतं आणि तोच वेटर.

ही रीत आपल्याला नवी नाही. लग्नकार्यात पहिल्या पंगतीला कोण बसणार हे सांगावं लागत नसे. पोरंसोरं, म्हातारी माणसं, गाडी गाठायची असलेले पाहुणे. शेवटच्या पंगतीला घरच्या बायका. वाढून वाढून पाय भरून आलेल्या, पुढ्यात गार झालेला मसालेभात. घरीसुद्धा रोज संध्याकाळी ‘आधी पोरांना वाढून घ्या’ हे ऐकू येतंच. जहाजावर सहाला पानावर बसण्याला साहेबी रीत म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही पहिली पंगत आठवावी.

पण खरा हिशेब पोटातल्या घड्याळाचा आहे. तो एकदा मांडून पाहिला की बरेच प्रश्न सुटतात. उन्हाळ्यात बार्सिलोना किंवा रोमची वेळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा नाशिकला रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे नाशिकहून नुकत्याच निघालेल्या कुटुंबाला पहिल्या पंगतीत घरच्याच वेळेला जेवायला मिळतं. आणि साडेआठ? भारतातली रात्रीची बारा. पाच वर्षांच्या मुलाला मध्यरात्री उठवून तीन फेऱ्यांचं जेवण जेवायला कुणी बसवणार नाही, पण भूमध्य समुद्रातल्या पहिल्या दोन-तीन रात्री नेमकं हेच होतं.

सिंगापूरचं उलट आहे. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे. मे महिन्याच्या सुट्टीत मराठी कुटुंबं तिथून तीन-चार रात्रींच्या सफरीला जातात. तिथल्या सहाच्या पंगतीला भारतात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, तेव्हा कुणाला भूक असणार? सव्वाआठची वेळ भारताच्या पावणेसहाची. तीन रात्रींत शरीर बदलत नाही, तेव्हा सिंगापूरहून निघताना उशिराची चौकट खुशाल निवडावी. शरीराच्या हिशेबानं तीच पहिली पंगत. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाताना घड्याळ बदलतच नाही, तिथे मुलं घरी ज्या वेळी जेवतात तीच वेळ धरावी.

उशिराच्या पंगतीत पावणेनऊला काय दिसतं? ऑर्डर देऊन झालेली असते, ब्रेडची टोपली रिकामी झालेली असते. नात टेबलावर हात पसरून त्यावर गाल टेकवते, पापण्या जड. मुख्य पदार्थ यायला अजून वीस मिनिटं आहेत. आजोबांनी जेवणाआधीची साखरेची गोळी आठलाच घेतली, कारण घरी ती आठला घ्यायची सवय. आता ते ब्रेडचा उरलेला तुकडा मोडून मोडून खातात. नातीला उचलून खोलीवर कुणी न्यायचं हे नजरेनंच ठरतं. आई उठते. तिचं ताट येतं, झाकून ठेवलं जातं, गार होतं. गोड येतं तेव्हा टेबलावर आठापैकी पाचच जण असतात.

घरी जी शेवटच्या पंगतीला बसते, तिनं लाखभर रुपये खर्चून समुद्रावरही शेवटी जेवावं, याला काय म्हणावं? सफरीच्या सात रात्रींत तिला कुणी वाढावं, गरम वाढावं आणि तिनं पहिल्या घासापासून गोडापर्यंत जागेवर बसावं, एवढं तरी या खर्चातून साधलं पाहिजे.

यावर जहाज कंपन्यांनी उपाय शोधले आहेत. डिस्नेचं पहिलं जहाज १९९८ साली निघालं तेव्हापासून त्यांची पद्धत वेगळी : कुटुंब रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवतं आणि वेटर त्यांच्यामागून तिथे येतात. उशिराच्या पंगतीत मुलांचं जेवण लवकर आणून देतात आणि पाऊण तासात खेळघरातली माणसं येऊन मुलांना घेऊन जातात. मोठ्यांना निवांत जेवता येतं, हे खरं. सोय चांगली आहे, पण ज्या जेवणासाठी तीन पिढ्या एकत्र आल्या ते अर्ध्यावरच तुटतं.

दुसरा उपाय वेळेचं बंधनच काढून टाकण्याचा. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली, हवं तेव्हा आणि हवं तिथे जेवा. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे असा पर्याय आहे. तरुण जोडप्यांना तो झकास. आठ जणांच्या शाकाहारी-मांसाहारी मिश्र मराठी कुटुंबाला मात्र त्यात एक गोष्ट गमवावी लागते, ती म्हणजे ओळखीचा वेटर. पहिल्या रात्री त्याला सांगायचं : आजींना कांदा-लसूण चालत नाही, आजोबांना पाणी बर्फाशिवाय, धाकट्याला तिखट नको. दुसऱ्या रात्री तो विचारायच्या आत आणून ठेवतो. अमेरिकी जहाजांवरही भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतात, आणि उद्या काय हवं ते आदल्या रात्री सांगून ठेवलं तर स्वयंपाकघर पुष्कळदा करून देतं. रोज नवं टेबल, नवा वेटर असेल तर हे सगळं रोज पहिल्यापासून सांगायचं.

सांगण्याचा हा संकोच जुना आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघालेले तरुण मोहनदास गांधी बोटीवर जेवणाच्या टेबलाकडे फिरकत नसत. काटा-चमचा वापरता येत नव्हता आणि कुठला पदार्थ मांसाशिवायचा आहे हे विचारायचं धाडस होत नव्हतं, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. बरोबर नेलेली मिठाई आणि फळं ते खोलीतच खात. आजही पहिल्यांदा जहाजावर चढलेली आजी तेच करते; पिशवीतले लाडू आणि खाकरे काढते आणि ‘मला भूक नाही’ म्हणते. तोच चेहरा तिसऱ्या रात्री समोर आला की ती स्वतः मागून घेते.

हा वेटर बहुधा फिलिपिन्सचा किंवा इंडोनेशियाचा असतो, आणि कधी कधी आपला गोंयकार. गोव्यात अशा खलाशाला तारवटी म्हणतात. किती तरी घरं जहाजावरच्या या पगारावर उभी राहिली. त्याचा दिवस सकाळच्या नाश्त्यापासून सुरू होतो. भारतानं २०१५ साली मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती त्याच्या हक्काची, पण तीही दोन तुकड्यांत द्यायची मुभा आहे. उशिराची पंगत गप्पा मारत अकरापर्यंत रेंगाळते तेव्हा त्याची झोप लांबते. त्याच्याशी कोंकणीत चार शब्द बोलणाऱ्या मराठी पाहुण्यांनी हे लक्षात ठेवावं.

सहाच्या पंगतीची अडचणही मोठी आहे, ती झाकून चालणार नाही. भूमध्य समुद्रात जहाज चिवितावेक्कियाला लागतं आणि रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. दिवसभर रोम पाहून परतायलाच साडेपाच-सहा होतात; आंघोळ न करता धावत जेवायला जाणं कुणालाच रुचत नाही. अशा दिवशी सरळ वरच्या बुफेत जावं आणि वेटरला आदल्या रात्री तसं सांगावं. सातातल्या दोन रात्री गेल्या म्हणून उरलेल्या पाच का सोडायच्या? दुपारी साडेतीनपर्यंत बुफेत बसलेल्यांना सहाला भूक लागत नाही हेही खरंच, त्याला इलाज एकच, दुपारचं जेवण साडेबाराला उरकायचं. दहा वाजता पुन्हा भूक लागली तर बहुतेक जहाजांवर पिझ्झा मिळतोच.

आणि मग साडेसात वाजतात. एप्रिल-मे महिन्यांत फ्लोरिडाजवळच्या समुद्रात सूर्य पावणेआठ-आठला मावळतो. लवकर जेवलेलं कुटुंब तेव्हा डेकवर असतं. आजोबांची शतपावली चालू, मुलं कठड्याला नाक लावून पाणी पाहतात, आणि साडेआठच्या सुमारास नाट्यगृहातला खेळ सगळ्यांना मिळून पाहायचा असतो. तो पाहताना मूल झोपलं तर कुणाच्या तरी मांडीवर झोपतं.

लवकरची वेळ बुकिंगच्या वेळीच भरली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घालावं, आणि जहाजावर चढल्याचढल्या पहिलं काम हेच करावं. पहिल्या दुपारी जेवणघराचा प्रमुख बदलाच्या विनंत्या ऐकायला बसतो. जागा आणि वेळ जहाजाच्या ॲपवर किंवा खोलीतल्या पत्रकात असते. रांग लागायच्या आत जावं. मुलांची वयं सांगावीत, म्हाताऱ्यांच्या औषधांच्या वेळा सांगाव्यात, आणि टेबल आठ जणांचं मागून घ्यावं, नाहीतर सहा जणांच्या टेबलावर जागा कमी पडली की पुन्हा आईच उठून शेजारी जाऊन बसेल.