हिमदूषित शाक आणि हिवाळी परसबाग

हेमंत-शिशिरातील पथ्यापथ्याचे छापील तक्ते आपल्या बहुतेक चिकित्सालयांतून रुग्णांच्या हाती दिले जातात. त्यांत ‘मुळा वर्ज्य’, ‘पालेभाज्या कमी’ अशी वाक्ये असतात. मुळा कोणता, किती दिवसांचा, कोणत्या महिन्यात उपटलेला, याविषयी मात्र तक्ता मौन पाळतो. हे मौन शास्त्रसंमत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात एकाच मुळ्याची वेगवेगळी फले सांगितली आहेत. कोवळा मुळा दोषहर, जून मुळा त्रिदोषकर, स्नेहात सिद्ध केलेला वातहर आणि वाळवलेला कफवातहर. म्हणजे द्रव्य एकच. काढणीचा काळ व संस्कार बदलताच पथ्याचे अपथ्य होते. बाजारातील जुडीवर हा काळ लिहिलेला नसतो. परसातील वाफ्यात तो डोळ्यांना दिसतो. पेरणीपासून साधारण ४० ते ४५ दिवसांत मुळा खाण्याजोगा होतो. पुढे तो जमिनीत राहिला की दोरे धरतो, पोकळ होतो, फुलावर येतो. मग डिंगऱ्यांची भाजी तेवढी करावी; मुळाचा मोह धरू नये.

थंडीसंबंधी वाग्भटाचार्यांचे वचन अधिक काळजीपूर्वक वाचले पाहिजे. अष्टांगहृदयाच्या अन्नस्वरूपविज्ञानीय अध्यायात त्याज्य धान्य व शाक सांगताना हिमाने दूषित झालेले असा उल्लेख प्रथमच येतो. त्यावरून ‘थंडी खाल्लेली भाजी वाईट’ असा सरसकट निष्कर्ष काढणारे काही वैद्यबंधू आहेत. दूषित या शब्दाकडे त्यांचे दुर्लक्ष होते. पालक, गाजर, कोबी, नवलकोल या वनस्पती थंडी वाढू लागली की आपल्या पेशींत शर्करा साठवितात. त्यामुळे पेशीरस गोठण्याचे तापमान खाली जाते. कडाक्याच्या थंडीनंतर गाजर अधिक गोड लागते, ते यामुळेच. ही विकृती नव्हे, वनस्पतीचे स्वसंरक्षण होय. याउलट भेंडी, वांगी, टोमॅटो, काकडी यांना असे सामर्थ्य नाही. पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ वर असतानाच त्यांना इजा होते.

निफाडसारख्या ठिकाणी काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते. अशा पहाटे पालक मलूल दिसला तरी लगेच तोडू नये. ऊन चढू द्यावे. पान पुन्हा ताठ झाले तर ते निर्दोष समजावे. पाणचट, काळपट होऊन लोंबले तर तेच हिमदूषित. इतकी सोपी परीक्षा असताना नुसत्या तर्काने भाजी वर्ज्य करणे योग्य नव्हे. (कोबी, फुलकोबी व नवलकोल संहिताकारांना परिचित नव्हते; त्यांचे गुण आपणच रस, विपाक व अनुभव यांवरून ठरवावयाचे आहेत. तेथे ग्रंथाचा आधार शोधू नये.)

मोहरीच्या पाल्याचेही असेच. चरकांनी शाकांत तो अहिततम मानला. पंजाबात मात्र थंडीभर तो लोणी घालून खाल्ला जातो. हेमंतातील प्रबळ अग्नी व स्नेहाची जोड विचारात घेतल्याशिवाय या लोकव्यवहारास नावे ठेवणे घाईचे ठरेल. महाराष्ट्रात सुदैवाने चाकवत आहे. तो त्रिदोषशामक वास्तुक गव्हाच्या शेतात आपोआप उगवतो आणि तण म्हणून उपटून फेकला जातो!

परसबाग करणाऱ्या रुग्णास आपण दोन गोष्टी सांगाव्यात. आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत दर पंधरवड्यास थोडी थोडी पेरणी करावी, म्हणजे कोवळे शाक सतत मिळते. आणि फाल्गुन सरत आला की उरलेले गाजर-मुळे ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून रोज ताटात वाढू नयेत. त्या ऋतुसंधीच्या १४ दिवसांत हेमंताचा आहार क्रमाने सोडावयाचा असतो. पुढे वसंतात कफ पातळ होऊन अग्नी मंदावतो. उरलेले मुळे मात्र जून होण्यापूर्वीच चकत्या करून वाळवावेत. सुकलेले शाक त्याज्य ठरविताना वाग्भटांनी मुळ्याचा अपवाद केला आहे, आणि हिक्का-श्वासात शुष्कमूलकाचा यूष चरकांनी सांगितला आहे.