सव्वादोन कोटींचा खेळाडू घेतला, तरी कप का आला नाही? प्रो कबड्डीच्या ऑफ-सीझनचं गणित

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीत प्रो कबड्डीच्या बाराव्या सीझनची फायनल. दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं आणि लोह्यातल्या आमच्या कबड्डीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडला, "पुण्याने शादलूला सोडायलाच नको होतं!" त्यावरून दोन दिवस वाद चालला.

ग्रुपवरच्या बहुतेक पोरांनी लिलाव पाहिला तो रीलवर. पंधरा सेकंदांत एक चेहरा, एक आकडा, वर ढिंच्यॅक गाणं. टीम कशी बांधली जाते हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून म्हटलं, एकदा नीट मांडूनच बघू.

आधी नियम समजून घेऊ

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगमध्ये 'ड्राफ्ट' असतो. नव्या पोरांची निवड ओळीने होते, आणि खाली राहिलेल्या टीमला पहिला नंबर मिळायची शक्यता जास्त असते. आयपीएलमध्ये 'ट्रेड' होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि रवींद्र जडेजा राजस्थानला, तो ट्रेडच होता.

प्रो कबड्डीत मुख्य रस्ते तीन. पहिला रिटेन्शन, म्हणजे आपला खेळाडू लिलावाआधीच ठेवून घेणं. दुसरा लिलाव. त्यात एफबीएम नावाचं कार्ड असतं. तुम्ही सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने शेवटची बोली लावली, तर तेवढेच पैसे देऊन तुम्ही त्याला परत घेऊ शकता. तिसरा रस्ता एनवायपी, म्हणजे न्यू यंग प्लेयर. लीगमध्ये नवीन असलेली तरुण पोरं. या तिसऱ्या रस्त्यावर रील बनत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पर्स. प्रत्येक टीमला साधारण ५ कोटी. टीममध्ये किमान १८ खेळाडू लागतात.

एका खेळाडूचे तीन सीझन

इराणचा मोहम्मदरझा शादलू. डिफेन्सही करतो, गरज पडली तर रेडही मारतो. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पुण्याने त्याला २.३५ कोटींना घेतलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पुणे पहिल्यांदा चॅम्पियन झालं. पुढच्या लिलावात हरियाणाने त्याला २.०७ कोटींना उचललं आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा चॅम्पियन! मग २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने २.२३ कोटी मोजले. या वेळी मात्र गुजरात प्लेऑफलाही पोहोचलं नाही.

माणूस तोच, किंमत जवळपास तीच. मग फरक कुठं पडला?

पुण्याने त्याला घेतलं तेव्हा टीम आधीच फायनल खेळून आली होती (डिसेंबर २०२२, जयपूरकडून पराभव). हरियाणाही आदल्या सीझनची उपविजेती. म्हणजे भिंती उभ्या होत्या, वर स्लॅब टाकला. गुजरात आदल्या सीझनला तळाशी होतं. तिथं भिंतीच नव्हत्या.

हिशोबही बघा. ५ कोटींतून २.२३ गेले की उरले २.७७ कोटी. ते उरलेल्या किमान १७ जणांत वाटले तर सरासरी पडते १६ लाखांच्या आसपास. आणि मॅटवर एका वेळी सात जण उतरतात, एकटा नाही.

मग पुण्याच्या भिंती कुठून आल्या?

अस्लम इनामदार आणि मोहित गोयत २०२१ मध्ये आठव्या सीझनला एनवायपी म्हणूनच पुण्यात आले. टीममध्ये राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती, पण रेडिंगचा भार या दोन नव्या पोरांनी उचलला. पुण्याने त्यांना सोडलं नाही. दोन वर्षांत अस्लम, नगर जिल्ह्यातला पोरगा, चॅम्पियन टीमचा कॅप्टन झाला, आणि त्याच्या आधी हांगझोच्या एशियन गेम्समध्ये भारतासाठी सुवर्णपदकही घेऊन आला.

आमच्या तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत तयार घोडा विकत मिळतो, बोलीही जोरात लागते. पण घरी शिंगरू वाढवणाऱ्याला वेळ लागतो आणि पैसा कमी लागतो. पुण्याने हे दुसरं केलं.

यात धोका नाही असं नाही. अकराव्या सीझनला अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि चॅम्पियन टीम प्लेऑफलाही नव्हती. तरी टीम मोडली नाही. अस्लम, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नदराजन हीच मंडळी पुढच्या वर्षी पुन्हा फायनलला. म्हणून मला वाटतं, शादलूला सोडणं ही चूक नव्हती. फायनल तीन पॉइंटने गेली, त्याला रिबिल्डिंग फसलं असं म्हणता येत नाही.

दिल्लीनेही तेच केलं. नवीन कुमार एवढं मोठं नाव, तो १.२० कोटींना हरियाणाकडे गेला. आशू मलिकसाठी मात्र एफबीएम कार्ड काढून १.९० कोटी दिले. कुणाला ठेवायचं हे ठरलेलं होतं.

पुढच्या लिलावाला मोबाइलवर काय बघायचं?

१. आधी रिटेन्शनची यादी उघडा, बोली नंतर बघा. किती पोरं ठेवली यावरून टीमचा प्लॅन कळतो.

२. एकूण रेड पॉइंट्सच्या शेजारी मॅच किती आणि रेड किती हेही बघा. २० रेडमध्ये १० पॉइंट आणि १२ रेडमध्ये ८ पॉइंट, यात दुसरा कमी दिसतो, पण टीमला तोच परवडतो.

३. 'अमुक खेळाडू तमुक टीमला ट्रेड' असं पोस्टर आलं, तर टीमच्या व्हेरिफाइड अकाउंटवर ते आहे का बघा. नसेल तर फॉरवर्ड करू नका.

शेवटचं, आणि हे माझ्या मावसभावासाठी आहे. तो १९ वर्षांचा आहे, मातीवर चांगला खेळतो. परवा त्याला मेसेज आला, "एनवायपी ट्रायल, नाव पक्कं, आजच यूपीआयने फी भरा." नंबर कुणाचा ते माहीत नाही. मला म्हणाला, "दादा, भरू का?" मी म्हणलं, थांब. एनवायपीचा रस्ता खरा आहे, अस्लम त्याच रस्त्याने गेला. पण 'नाव पक्कं' असं पैसे घेऊन सांगणारा निवड करणारा नसतो. टीमच्या किंवा लीगच्या अधिकृत वेबसाइटवर सूचना दिसेपर्यंत ना पैसे, ना आधारचा फोटो.

त्याने पैसे भरले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी तो प्रॅक्टिसला गेला.