शल्यविशारदाची निवड : संकोच सोडून चार प्रश्न

काही दुखणी अशी असतात की ती घरातल्या घरातही बोलली जात नाहीत. प्रमाणाबाहेर वाढलेल्या स्तनांचा भार हे त्यांपैकी एक होय. मान, खांदे आणि पाठ सदोदित दुखणे, खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ उमटणे, उन्हाळ्यात स्तनांखालची त्वचा घामाने लाल होऊन सोलवटणे, हे सारे वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसणाऱ्या भगिनी आमच्या इंदूर-देवासच्या मराठी घरांतही आहेत. त्यांच्या वेदनेला नटण्याची हौस म्हणून हिणवणे हा अन्याय आहे. स्तन-लघुकरणाची शस्त्रक्रिया हा त्यावरील मान्यताप्राप्त वैद्यकीय उपाय आहे.

आम्हांस चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ज्या विषयाचा संकोच, त्याची चौकशीही चोरून होते. दोन तोळे सोने घ्यावयाचे तर चार पेढ्या पालथ्या घालणारे आपण, येथे मात्र जाहिरातीतील देखणे छायाचित्र पाहून अथवा कुणाच्या कानगोष्टीवरून डॉक्टर ठरवून मोकळे होतो.

पहिली चौकशी पदवीची असावी. आपल्या देशात प्लास्टिक सर्जन होण्याचा सर्वसाधारण मार्ग लांबचा आहे. एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांची एम.एस., आणि तीनंतर पुन्हा तीन वर्षांची एम.सीएच. (प्लास्टिक सर्जरी). हिच्या तोडीची राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी म्हणजे डी.एन.बी., जी नव्या व्यवस्थेत डी.आर.एन.बी. म्हणून ओळखली जाते. पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' असे लिहिलेले असले म्हणजे ही पदवी मिळाली असे नव्हे. अल्प मुदतीच्या वर्गाचे प्रमाणपत्रही भिंतीवर तितकेच शोभून दिसते. म्हणून डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे ती नोंद व ही वरची पदवी पडताळून पाहावी. यात डॉक्टरांचा अपमान मुळीच नाही.

पदवीनंतर अनुभव. हीच शस्त्रक्रिया आपण वरचेवर करता काय? ती आपण स्वतः करणार, की आपले सहायक? भूल कोण देणार? ही शस्त्रक्रिया सहसा पूर्ण भूल देऊन होते व काही तास चालते. तेव्हा भूलतज्ज्ञ पात्र हवा आणि रुग्णालयात अतिदक्षतेची व रक्ताची सोय हवी. एखाद्या सौंदर्यप्रसाधनगृहाला जोडलेली खोली त्यासाठी पुरेशी नव्हे.

चांगला शल्यविशारद केवळ उत्तरे देत नाही, स्वतः प्रश्नही विचारतो. वजन स्थिर आहे काय, पुढे मूल हवे आहे काय, माहेरी कुणास स्तनाचा कर्करोग झाला होता काय, कोणती औषधे चालू आहेत, हे तो विचारील. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी करवील. तंबाखू, मिशरी अथवा धूम्रपान यांनी त्वचेचा रक्तपुरवठा मंदावतो व जखम भरत नाही. म्हणून ती सवय कित्येक आठवडे आधी सोडावयास सांगील. व्रण कायमचे राहतील, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकेल, मुलास अंगावर पाजणे कदाचित जमणार नाही, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असे नाही, हेही तो आधीच सांगेल. काढलेला भाग तपासणीसाठी पाठवणार ना, हे आपणच विचारून ठेवावे. 'काहीच धोका नाही' असे म्हणणारा, किंवा आठवड्याच्या आत पैसे भरल्यास सवलत देणारा जो असेल, त्याच्या दारातून परत फिरावे. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि विमा असल्यास तो यास लागू पडतो की नाही, याचे उत्तर कंपनीकडून आधीच लेखी मागवावे.

शेवटची गोष्ट संमतीची. सज्ञान स्त्रीच्या देहावरील शस्त्रक्रियेस तिचीच संमती लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असा एक खटला आला होता की, तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीची मोठी शस्त्रक्रिया तिच्या आईची संमती घेऊन उरकण्यात आली. जिवावर बेतलेले नसता, शुद्धीवर आल्यावर विचारता येण्याजोग्या स्त्रीऐवजी दुसऱ्याने दिलेली संमती न्यायालयाने मानली नाही. तेव्हा सासूबाईंची नापसंती असो वा यजमानांचा आग्रह, निर्णय तिचाच. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते घरी आणून सावकाश वाचावे, आणि शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

घरच्या मंडळींनी एवढेच करावे : चौकशीला तिच्यासोबत जावे, प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आणि पुढचे निदान दोन आठवडे पाण्याची घागर व स्वयंपाकघर तिच्या हातून काढून घ्यावे. जड ओझे तर त्याहूनही अधिक काळ उचलू देऊ नये. ज्या दुखण्याविषयी घरात मोकळेपणाने बोलता येते, त्याचा डॉक्टरही नीट पारखून निवडता येतो, असे आम्हांस वाटते.