हक्क सोडला म्हणून खर्च सुटला?





बहारीनमधल्या आपल्या मंडळींत घटस्फोटाचा विषय निघाला की एक वाक्य मी हमखास ऐकतो: "मुलीचा ताबा तिला दिला, भेटायचा हक्कही लिहून सोडला. आता पैसे कशाचे?" बोलणारे शिकलेले, चांगल्या हुद्द्यावरचे असतात. हिशेब मिटला, असे त्यांना मनापासून वाटते.

कायद्याला तसे वाटत नाही. सही करून पालकत्व सोडावे आणि जबाबदारीतून मोकळे व्हावे, अशी सोय हिंदू कायद्यात नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० अज्ञान मुलांच्या पोषणाचा भार आईबाप दोघांवरही टाकते (दिनारात पगार घेणाऱ्या आईनेही हे ध्यानात ठेवावे). फौजदारी संहितेचे जुने कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले, आशय तोच. समझोत्यात बायकोने स्वतःची पोटगी सोडली असेलही. मुलाची ती कशी सोडणार? ती तिची नव्हेच. मूल रीतसर दुसऱ्याला दत्तक गेले तर गोष्ट वेगळी.

आणि ज्या देशात आपण राहतो तिथले काय? बहारीनचा २०१७ चा कुटुंब कायदा मुसलमानांसाठी आहे, आपल्याला लागू नाही. पण त्यातही ताबा आईकडे गेला म्हणून बापाचा खर्च सुटत नाही. उगाच 'इथले कायदे मागास' म्हणून नाके मुरडू नयेत.

खरी मेख वेगळीच आहे. इथे पगारावर प्राप्तिकर नाही आणि अनिवासी माणसाला इथला पगार भारतातल्या विवरणपत्रात सहसा दाखवावा लागत नाही. मग पुण्याच्या कोर्टात विवरणपत्र पुढे करून 'उत्पन्न नाही' म्हणायला काय लागते? याला निदान थोडा आळा बसला तो नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यामुळे. ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. त्यात परदेशस्थांसाठी वेगळा भाग आहे: नोकरी, ताजे उत्पन्न, त्याचे कागद, तिथला खर्च. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून द्यायची.

वसुली मात्र अजून अवघड. थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण माणूस मनामात बसला असेल तर वॉरंट निघून उपयोग किती? शिवाय वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत अनेक आयांना ठाऊक नसते आणि वकीलही वेळेवर सांगत नाहीत.

म्हणून सध्या समझोत्याचा मसुदा ज्यांच्या हातात आहे त्यांना एक सुचवतो. मुलाची रक्कम आईच्या रकमेत मिसळू नका. वेगळी लिहा, शाळेची फी वेगळी, दरवर्षीची वाढ वेगळी, आणि बँकेला कायमची सूचना देऊन टाका.