हातातल्या यंत्राचे मुंडकार

देवस्थानच्या पैशाने घेतलेली वस्तू, मग ती गाभाऱ्यातील समई असो की कार्यालयातील कपाट, महाजनांच्या सभेत हिशेबाला उभी राहते, आणि ती तशी राहावी हेच योग्य. यंदाच्या सभेत एका वयोवृद्ध महाजनांनी समितीला विचारले, "आठ महिन्यांपूर्वी तेरा हजार रुपये मोजून मोबाइल घेतला होता ना? मग यंदा पुन्हा नव्याची तरतूद कशाला? पहिला पडला, फुटला, की कोणी पळविला?" देवस्थानचे मुखत्यार या नात्याने उत्तर देणे आमच्याकडे आले. आम्ही सांगितले की तो पडलेला नाही, फुटलेला नाही, चोरीसही गेलेला नाही, चालतोही उत्तम, परंतु ज्यावरून देवाचा पैसा फिरतो अशा कामी तो आता ठेवता येत नाही. सभेत हशा झाला. वीस वर्षांच्या वकिलीत जेवढे अवघडलो नव्हतो तेवढे त्या क्षणी अवघडलो, कारण आमचे उत्तर खरे होते आणि तरीही ते मूर्खपणाचे वाटत होते.

हकीकत अशी. अभिषेक, लघुरुद्र, पालखीची सेवा, वार्षिक वर्गणी यांचे पैसे दूर राहणारे महाजन आता थेट देवस्थानच्या खात्यात भरतात. त्यांची नोंद मोबाइलवर होते, पावतीही मोबाइलवरूनच जाते. म्हणून चतुर्थीच्या आधी बाजारातील एका दुकानातून समितीने नवा, मोहोरबंद पेटीतला मोबाइल आणला. पुढे बँकेचा संदेश आला की खातेदारांनी आपल्या मोबाइलची प्रणाली अद्ययावत ठेवावी. आमच्या खजिनदारांनी आज्ञाधारकपणे ते पान उघडले. यंत्राने उत्तर दिले, 'आपली प्रणाली अद्ययावत आहे.' खजिनदारांचे समाधान झाले. आमचे झाले नाही. वकिलाला कागदाची शेवटची ओळ वाचण्याची खोड असते. आणखी दोन पाने आत शिरल्यावर सुरक्षा-दुरुस्तीची तारीख सापडली. ती सोळा महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे आम्ही तो मोबाइल पेटीतून बाहेर काढला त्याच्याही आठ महिने आधी त्याची शेवटची डागडुजी होऊन गेली होती. नव्या आवृत्तीची तर गोष्टच नको.

दुकानदाराकडे गेलो. तो भला माणूस. त्याने यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "बाब, ह्या मॉडेलाक आतां अपडेट येवचो ना. नवो घेयात."

हे वाक्य त्याने ज्या सहजतेने उच्चारले त्या सहजतेशी आमचे भांडण आहे. आठ महिन्यांच्या वस्तूविषयी 'नवी घ्या' असे कासार म्हणाला असता, सुतार म्हणाला असता, तर आपण त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नसतो.

कोणी म्हणेल, अपडेट ही हौशी लोकांची चैन आहे. नवी चित्रे, नवे रंग, नवे आवाज मिळाले नाहीत म्हणून एवढा कोलाहल कशाला? हा गैरसमज दूर करण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे शिरणे भाग आहे. अँड्रॉइड ही प्रणाली गूगल तयार करते. प्रत्येक प्रणालीत छिद्रे असतात. ती सापडतात, बुजविली जातात, आणि कोणती छिद्रे सापडली व बुजविली याची यादी गूगल २०१५ पासून जाहीरपणे प्रसिद्ध करीत आले आहे. यादी जाहीर असणे चांगलेच; परंतु ती जशी सज्जन वाचतात तशी चोरही वाचतात. ज्या मोबाइलपर्यंत दुरुस्ती पोहोचली त्याचे दार बंद होते. ज्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही, त्याच्या दाराला फट कोठे आहे याचा नकाशाच जणू चव्हाट्यावर टांगला जातो. आपल्याच केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था अँड्रॉइडमधील अशा छिद्रांविषयी सूचना काढते आणि कंपनीने दिलेली दुरुस्ती घालून घ्या असे नागरिकांना बजावते. नागरिक तयार आहे. दुरुस्ती कोठे आहे?

ती अडते मधल्या हातांत. गूगलने दिलेली प्रणाली तशीच कोणत्याही मोबाइलवर चढत नाही. मोबाइलच्या पोटातील मुख्य चिप करणाऱ्या कंपनीने त्या चिपला लागणारे दुवे पुरवावे लागतात; मग मोबाइलवर आपले नाव घालणारी कंपनी त्यात आपली भर घालून, तपासून, ती ग्राहकाकडे पाठविते. या साखळीतील एकाने हात आखडला की सारे थांबते. हा गुंता सोडविण्यासाठी गूगलने २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीपासून प्रणालीचा गाभा आणि चिपचे दुवे वेगळे करणारी रचना आणली. वाट थोडी सुकर झाली, परंतु शेवटची किल्ली मोबाइलवाल्या कंपनीच्याच कमरेला राहिली. आणि विकून झालेल्या मोबाइलवर पुन्हा श्रम करण्यात तिला काय मिळणार? तिला मिळते ते पुढचा विकण्यात.

कंपन्यांची ठरलेली सबब अशी की जुन्या यंत्रावर नवी प्रणाली चालविणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नसते. ही सबब खोटी ठरविणारा साक्षीदार आम्ही उभा करतो. नेदरलँड्समधील फेअरफोन या छोट्या कंपनीने २०१५ च्या अखेरीस आपला दुसरा मोबाइल बाजारात आणला. त्यातील चिप करणाऱ्या क्वालकॉमने सहाव्या आवृत्तीनंतर त्या चिपवरचा हात काढून घेतला. तरीही त्या छोट्या कंपनीने स्वतः खपून तोच मोबाइल सातव्या, नवव्या आणि शेवटी दहाव्या आवृत्तीपर्यंत नेला, आणि २०२३ च्या मार्चपर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, त्याची डागडुजी चालू ठेवली. मूठभर माणसांना जे जमले ते कोट्यवधी मोबाइल विकणाऱ्यांना जमत नाही असे आम्ही मानायचे काय? शिवाय आता थोर कंपन्यांनीच आपल्या सबबीवर पाणी ओतले आहे. २०२३ मध्ये गूगलने आणि २०२४ च्या आरंभी सॅमसंगने आपल्या भारी मोबाइलांसाठी सात सात वर्षांचे वचन दिले. म्हणजे अडचण यंत्रात नव्हती. गिऱ्हाइकाच्या खिशात होती. पाऊण लाखाचा मोबाइल घेणाऱ्याचे दार सात वर्षे राखले जाईल. आणि ज्याने महिन्याच्या पगारातून दहा-बारा हजार काढून, त्याच यंत्रावर आपली पेन्शन, आपले गॅसचे पैसे, मुलाची शाळेची फी सांभाळायची, त्याच्या दाराला मात्र कडी नाही.

या वचनांतही एक मेख आहे आणि ती वकिलाच्या नजरेतून सुटू नये. वर्षे मोजायची कोठून? कंपनी मोजते ती मॉडेल प्रथम बाजारात आले त्या दिवसापासून. ग्राहक मोजतो ती त्याने पैसे दिले त्या दिवसापासून. या दोन दिवसांत वर्ष-दोन वर्षांचे अंतर पडते, आणि स्वस्त मोबाइलांच्या बाबतीत तर दुकानाच्या फळीवर असतानाच त्यांची मुदत संपते. आमच्या देवस्थानचा मोबाइल हा असाच. पेटीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले होते, कमाल किंमत होती, तक्रारीसाठी पत्ता होता. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी हे सारे सक्तीचे केले आहे. दोन रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यावर ती कधीपर्यंत खाण्याजोगी हे लिहावे लागते. तेरा हजारांच्या यंत्रावर ते कधीपर्यंत वापरण्याजोगे हे लिहावे लागत नाही. जन्मतारीख ठळक, मृत्यूची तारीख गुप्त.

आता कायद्याकडे वळू. १८७२ च्या करार अधिनियमातील सतराव्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. नुसते मौन म्हणजे कपट नव्हे, असे ते सांगते. आणि लगेच अपवाद जोडते, की जेथे बोलणे हे कर्तव्य असते, किंवा जेथे मौन हेच बोलण्यासारखे असते, तेथे ते कपट ठरू शकते. नवीकोरी, मोहोरबंद पेटी ग्राहकाच्या हाती ठेवणे हे आमच्या मते बोलण्यासारखे मौन आहे. ती पेटी म्हणते, 'मी नवी आहे.' २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात तर सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच, ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणे हे स्पष्टपणे घातलेले आहे. वेळोवेळी दुरुस्ती पुरविणे ही सेवा नव्हे तर काय? आणि ती बंद झाल्याचे ठाऊक असून यंत्र विकणे हे दडविणे नव्हे तर काय? राहिले ते 'आपली प्रणाली अद्ययावत आहे' हे वाक्य. दुरुस्ती येणेच बंद झाल्यामुळे घालण्यासारखी कोणतीही दुरुस्ती शिल्लक नाही, एवढ्याच अर्थाने ते खरे आहे. औषध देणे थांबविल्यावर रोग्याला 'आता तुला कोणतेही औषध घ्यावयाचे नाही' असे सांगावे, तसे हे खरे.

पण हा वाद केवळ माहितीचा नाही, मालकीचा आहे, आणि त्यासाठी आमच्या गोव्यातला शब्द फार उपयोगी पडतो. बेळगाव-इंदूरकडील वाचकांसाठी सांगावयाचे तर, भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. घर त्याचे, भिंतींना लिंपण त्याचे, चूल त्याची. पण पावसाळ्यापूर्वी कौले परतायची तर भाटकाराच्या मर्जीकडे पाहावे लागे. आमच्या वाचकांत भाटकारही आहेत आणि मुंडकारही. काही देवस्थाने तर स्वतःच भाटकार आहेत, तेव्हा हा दाखला देताना आम्ही जरा जपूनच बोलतो. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही दिला. आम्ही मात्र पैसे पूर्ण मोजून हातातल्या यंत्राचे मुंडकार झालो आहोत. काच आमची, धातू आमचा, फुटला तर तोटा आमचा. परंतु त्याच्या पोटात चालते ती प्रणाली परवान्यावरची. तिची डागडुजी भाटकार करील तेव्हा होईल, नाही केली तर नाही. स्वतःच कौले परतू म्हटले, म्हणजे यंत्राचे मूळ कुलूप काढून लिनिएजओएससारखी स्वयंसेवकांनी सांभाळलेली प्रणाली घातली, तर हमी धोक्यात येते, आणि अनेक बँकांचे ॲप अशा यंत्रावर उघडावयाचेच नाकारतात. दार राखले नाही तरी गुन्हेगार आपण, स्वतः राखले तरी संशयित आपणच.

प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काही अपडेट यंत्राला बरे करण्याऐवजी आजारी पाडतात. इटलीच्या स्पर्धा-नियंत्रकांनी २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला तो याचसाठी, की जुन्या मोबाइलांवर नवी प्रणाली घालावयास लावून त्यांचा वेग मंदावला, आणि ग्राहकांना पुरते सांगितले नाही. म्हणून आम्ही दरवर्षी नवी आवृत्ती मागत नाही. दाराची कडी मागतो, आणि ती कडी कधीपर्यंत राहील ती तारीख मागतो.

ही मागणी अवास्तव नाही. ब्रिटनमध्ये २०२४ च्या २९ एप्रिलपासून कंपन्यांना सुरक्षा-दुरुस्ती किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करणे कायद्याने भाग आहे. युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. त्यात पाच वर्षे मोजली आहेत ती मॉडेलची विक्री थांबल्याच्या दिवसापासून. ग्राहकाचा दिवस कोणता हे तेथे कोणाला तरी कळले. अर्थात त्या नियमाचा मजकूरही वकिलांच्या हातून गेलेला असल्याने, कंपनी अपडेट देत असेल तर, अशी एक पळवाट त्यात राहिली आहे. आपल्याकडे २०२२ पासून दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सरकारी पातळीवर सुरू आहे. मोबाइल दुरुस्त करण्यास किती सोपा याला गुण देण्याची योजना सुचविणारा समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला, आणि त्या गुणांत अपडेटचाही विचार आहे. स्वागतच आहे. पण गुणांच्या बेरजेत उत्तम पडद्याचे गुण मेलेल्या प्रणालीचे पाप धुऊन काढू शकतात. गुण द्या की तारे द्या. पेटीवर किमतीच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत, मराठी-कोंकणी वाचणाऱ्याला कळेल अशी एक तारीख छापा. एका ओळीच्या अधिसूचनेचे काम आहे.

तोवर देवस्थानांनी, संस्थांनी, शाळांनी खरेदी करताना ती तारीख लेखी मागावी. एकट्या ग्राहकाला दुकानदार हसेल. दहा संस्थांना हसणार नाही. सभेने नव्या मोबाइलची तरतूद मंजूर केली, त्या वृद्ध महाजनांचा विरोध नोंदवून. तो नोंदविला जावा असा आग्रह आम्हीच धरला. जुना मोबाइल आता कार्यालयात घंटी वाजली की उचलण्यापुरता राहिला आहे. नवा आणताना आम्ही त्याच दुकानदाराला म्हटले, बिलावर लिहून द्या, दुरुस्ती कधीपर्यंत येईल. त्याने डोके खाजविले, कोणाला तरी फोन केला, आणि शेवटी लिहिले, 'कंपनीच्या नियमाप्रमाणे'. ते बिल आम्ही हिशेबाच्या वहीत लावून ठेवले आहे.