रोबोस्की: सीमेवरच्या कुर्द गावात 34 जण का मारले गेले?

तुर्कस्तानच्या आग्नेय टोकाला, इराकच्या सीमेला लागून उलुदेरे हा डोंगराळ कुर्द तालुका आहे. इथल्या एका गावाचं सरकारी नाव ओर्तासू, पण गावकरी त्याला रोबोस्कीच म्हणतात.

नेमकं काय घडलं?
28 डिसेंबर 2011 च्या रात्री तुर्की लढाऊ विमानांनी सीमेवर बॉम्ब टाकले. 34 जण ठार झाले. त्यात अनेक अल्पवयीन मुलं होती. ते पीकेकेचे बंडखोर वाटले, असं लष्कराचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात ते इराकमधून खेचरांवर डिझेल आणि सिगारेट आणत होते.

मग ही तस्करी नव्हती का?
कायद्याने होतीच. पण इथली सीमा 1926 च्या करारात ठरली. सोयरीक आणि व्यापाराच्या वाटा त्याहून जुन्या. पुढे लष्कर आणि पीकेकेच्या संघर्षात अनेक गावं रिकामी झाली, कुरणं बंद झाली, सुरुंग पेरले गेले. पशुपालन आटलं. उरलं काय? सरकारी पगारावर ग्रामरक्षक होणं, किंवा खेचर घेऊन सीमा ओलांडणं. काही घरांत तर दोन्ही होतं.

न्याय मिळाला?
2014 मध्ये लष्करी अभियोक्त्यांनी खटला न भरताच प्रकरण बंद केलं. घटनात्मक न्यायालयात कागदपत्रं दोन दिवस उशिरा पोहोचली, म्हणून अर्ज फेटाळला गेला. त्याच कारणावरून 2018 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचंही दार बंद झालं. हल्ल्याचा आदेश योग्य होता का, हा प्रश्न कोणत्याच न्यायालयात सुनावणीला आला नाही.